फरशीखालचे व्याही

३ ऑगस्ट

चौथी रांग परत तापली!

हॉलमधल्या सर्व्हरच्या बाकी सगळ्या रांगा गार, आणि ही एकटी बया फणफणलेली. परवाच तिच्यापुढे जाळीची आणखी एक फरशी टाकली होती. काही उपयोग नाही. उलट आता तिसरी रांगही कुरकुरायला लागली.

मोठे साहेब काचेपलीकडून बघत होते. आत येत नाहीत, थंडी वाजते. "तुमच्या त्या पोकळ फरशीतच काहीतरी गोम आहे," म्हणाले. गोम म्हणे! अडीच फूट पोकळी आहे खाली. एसीची मशीनं तिच्यात गार वारा भरतात. वारा खाली दाबून राहतो आणि जिथे जाळीची फरशी असेल तिथून वर येतो, थेट सर्व्हरच्या तोंडावर. इतकी साधी गोष्ट! लोक मोबाइलवर पैसे पाठवतात, तिकिटं काढतात, रात्रंदिवस फोटो टाकतात, ते सगळं माझ्या त्या अडीच फुटांवर चाललंय. पण कौतुक मोबाइलचं.

अख्खी नोकरी त्या पोकळीत गेली माझी. ही म्हणते, "आयुष्य पोकळीत गेलं की लोक रडतात. तुम्ही मिरवता."

संध्याकाळी ठमी म्हणाली, "बाबा, एक मुलगा आहे." मी म्हटलं, "कुठे?" आणि दाराकडे बघितलं. हिने कपाळावर हात मारला.

तर मुलगा आहे. बऱ्याच दिवसांपासून आहे! हिला माहीत होतं. या घरात मलाच सगळं शेवटी कळतं. ठमी म्हणाली, "त्याचे वडील तुमच्याच लाइनमधले आहेत, बाबा." मी एकदम खूश. निदान एक माणूस तरी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा मिळेल.

५ ऑगस्ट

वडील कोण ते कळलं. जेवण गेलं नाही.

६ ऑगस्ट

काल हातच चालेना. आज लिहितो.

मुलाचे वडील म्हणजे स्लॅबवाले! तेच ते. सगळ्या जगाचे सल्लागार. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिषदेत माइक हातात घेऊन म्हणाले होते, "पोकळ फरशी ही पोकळ डोक्यांची आवड आहे. सर्व्हर सरळ स्लॅबवर ठेवा, गार हवा वरून सोडा, गरम हवा कोंडून बाहेर काढा. विषय संपला." तीनशे माणसं हसली. मी पहिल्या रांगेत होतो. उठलो. म्हटलं, "ज्यांच्या डोक्यातच स्लॅब पडलाय, त्यांना हवा कशी खेळते ते काय कळणार?" चारशे माणसं हसली. तोवर बाहेरचे चहावालेही आत आले होते.

तेव्हापासून एकमेकांचं तोंड बघितलं नाही. कुठल्या कार्यक्रमाला ते आहेत कळलं की मी आजारी पडतो.

"इतकी वर्षं झाली, ते कधीच विसरले असतील," ही म्हणाली.

मी विसरलो का?

९ ऑगस्ट, रविवार

आले. नवरा, बायको आणि मुलगा. मुलगा दारात वाकून आत आला. म्हटलं, नम्र आहे! मग कळलं, चौकट लागते म्हणून वाकला. ताडमाड आहे नुसता. मनात तेच नाव ठेवलं. त्याची आई हसरी. चपला काढून होईपर्यंत तिची आणि हिची गट्टी जमली होती.

स्लॅबवाल्यांनी बसायच्या आधी टाचेने आमच्या बैठकीच्या खोलीची फरशी ठोकून बघितली. टक, टक. "वा! घर मात्र घट्ट जमिनीवर आहे तुमचं."

विसरले नव्हते!

बोलायचं नाही असा ठमीला शब्द दिला होता. चहा येईपर्यंत पाळला. चहा आला आणि ते म्हणाले, "गरम हवा वर जाते, एवढं तरी मान्य आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, "आहे. म्हणूनच गार खालून द्यायची. पाय धुवायला कोणी डोक्यावर तांब्या ओततं का?" ते म्हणाले, "आणि हातात पंखा असताना कोणी पलंगाखाली फुंकर मारतं का?" मी बिस्किटं उभी करून रॅकची रांग मांडली. त्यांनी बश्या पालथ्या घालून स्लॅब घातला. ताडमाड मध्ये पडला, "बाबा, मला वाटतं दोन्ही पद्धती आपापल्या जागी—" आम्ही दोघं एकदम ओरडलो, "तू गप्प बस!"

तेवढं एकमत झालं.

शेवटी ही म्हणाली, "चहा गार झालाय. वरून झाला की खालून झाला ते ठरवा, आणि प्या."

निघताना ठमी आम्हा दोघांपुढे येऊन उभी राहिली. आवाज चढला नाही तिचा. त्याचीच भीती वाटली. म्हणाली, "आम्हाला थाटमाट नको. रजिस्टर लग्न करायचंय, सह्या करून. साक्षीदार तीन लागतात. एक आई, आणि बाकी तुम्ही दोघंच हवे आहात, दुसरं कोणी नको. पण तुम्हाला एका छपराखाली तासभरसुद्धा बसता येत नाही. तुमचं काय ते मिटवा. नाहीतर आमचं आम्ही बघू."

बिस्किटं तशीच उभी होती. नंतर मीच खाल्ली सगळी.

१० ऑगस्ट

ठमी बोलत नाही. सकाळीच ताडमाडबरोबर कुठलासा अर्ज द्यायला गेली. हिला विचारलं, कसला अर्ज? तर म्हणाली, "तुमची चौथी रांग कशी आहे?"

तापलेली आहे.

१४ ऑगस्ट

ऑफिसात जाळ्यांवरून हाणामारी व्हायची बाकी आहे. चौथ्या रांगेपुढे जास्तीच्या जाळ्या टाकल्या हे सगळ्यांना दिसलं. आता प्रत्येकाला आपापल्या रॅकपुढे जाळी हवी. "आमचीपण मशीनं तापतात हो!" अरे, वारा काय मी घरून आणतो? जितकी भोकं जास्त तितका खालचा दाब कमी. मग कोणालाच धड मिळत नाही. समजावून समजावून घसा बसला.

आणि कंट्रोलच्या बाई! पडद्यावर मशीनांवर नजर ठेवतात, टेबल हॉलच्या कडेला. पाय गारठतात म्हणून त्यांनी एका जाळीवर सतरंजी घातली आहे. मी ती काढतो, त्या घालतात. दोघंही याबद्दल अवाक्षर बोलत नाही. असा कारभार आहे.

घरीही असंच. ठमी समोर बसते, जेवते, ताट उचलते.

१८ ऑगस्ट

मोठ्या साहेबांनी बोलावलं. शेजारी नवा हॉल बांधायचाय. फरशी पोकळ घालायची की सरळ स्लॅबवर जायचं, ते ठरवायला बाहेरचे तज्ज्ञ नेमले आहेत. नाव सांगण्याआधीच मी ओळखलं.

तेच!

"ते आधी आपला जुना हॉल तपासतील. स्लॅब ठरला तर तुमचं काम जरा हलकं होईल," साहेब म्हणाले. माझ्या वयाच्या माणसाचं काम हलकं होतं म्हणजे काय होतं, ते मला कळतं. पेन वाजवत होते बोलताना.

घरी सांगितलं. ठमी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "म्हणजे तुम्हाला एका छपराखाली यावंच लागणार तर!" लेकीला हसताना बघून बरं वाटलं. मग आठवलं ती कशाला हसतेय, आणि परत वाईट वाटलं.

२७ ऑगस्ट

स्लॅबवाल्यांचा मेल. "आपली पोकळी पाहण्यास नऊ सप्टेंबरला येत आहे." पोकळी हा शब्द ठळक टाइपात!

२ सप्टेंबर

चौथी रांग तशीच. माझ्याच फरशीने त्यांच्यासमोर माझं नाक कापू नये, एवढंच मागणं आहे. ठमीचं लग्न आणि माझं नाक, दोन्ही एकाच माणसाच्या हातात आहेत. एक वाचवायला गेलं की दुसरं जातं. त्यांना खूश करायला स्लॅबला हो म्हणू? जीभच वळणार नाही.

८ सप्टेंबर

हॉल पुसून घेतला. सतरंजी लपवली.

९ सप्टेंबर

काय दिवस! क्रमाने लिहितो, नाहीतर राहून जाईल.

सकाळी ही ठेवणीतले कानातले घालून आरशापुढे उभी. म्हटलं, कुठे? "बँकेत." बँकेत इतकं नटून? "मॅनेजर नवीन आलेत," म्हणाली. ठमी दारापर्यंत आली. "बाबा, आज फोन जवळ ठेवा हं. आणि जमलं तर दुपारी मोकळे राहा." मी म्हटलं, "अर्ध्या तासाचं काम आहे गं. त्यांना दाखवतो आणि वाटेला लावतो."

स्लॅबवाले आले. हॉलच्या दारात फोन लॉकरमध्ये ठेवले. आत फोन न्यायचा नाही, हा नियम माझाच. एका शहाण्याने फोनवर बोलता बोलता चालू मशीनची वायर उपटली होती, तेव्हापासून. बुटांवर त्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि आत गेलो.

सरळ चौथ्या रांगेपुढे जाऊन त्यांनी जाळीवर कागदाची पट्टी धरली. पट्टी हलेना. "वारा रजेवर आहे का तुमचा?" नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हटलं, उचलूनच बघू. जाळी बदलायला क्षणभर उचलतो तेवढंच, पण या रांगेखालून विजेच्या वायरी जातात, म्हणून इथे आत डोकं घालायला साहेब कधी परवानगी देत नाहीत. आज तज्ज्ञ आहेत म्हणून मिळाली होती. रबरी कप लावला, फरशी उचलली, आणि दोघंही पोटावर पडून भोकात डोकी घातली. टॉर्च मारला.

केबली! मेलेल्या केबली. केबलवाले नवी टाकतात, जुनी काढत नाहीत. कुठली जिवंत, कुठली मेलेली, कोण सांगणार? एकावर एक पडून पडून भिंतच झाली होती. वारा बिचारा येत होता आणि भिंतीला धडकून परत जात होता.

"बघा! फरशीचा दोष नाही!" मी भोकातूनच ओरडलो.

"पोकळी ठेवली म्हणून तर लोक तिच्यात कचरा भरतात! स्लॅबखाली कोण काय लपवणार?" तेही भोकातूनच.

म्हटलं, भिंत कुठवर आहे ते तरी बघू. मग मी पुढची फरशी उचलली, त्यांनी मागची. मी त्याच्या पुढची, त्यांनी त्याच्या मागची. दोघंही इरेला पेटलेलो. "इथेपण आहे!" "इकडे तर अजून जाड!" हॉलच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंय, सलग फरश्या उचलू नयेत, एक सोडून एक उचलावी. अक्षर माझं आहे. कारण खालचे लोखंडी पाय फरश्यांच्याच जोरावर एकमेकांना धरून उभे असतात.

मी बसलो होतो ती फरशी म्हणाली, कर्र.

वळून बघतो तर स्लॅबवाले त्यांच्या फरशीवर उकिडवे, पांढरेफटक. त्यांच्या चारी बाजू मोकळ्या. माझ्याही. मध्ये खड्डा, खड्ड्यात विजेच्या वायरी. पाय डुलत होते. फरशीचे.

"हलू नका," मी म्हटलं.

"तुम्ही हलू नका," ते म्हणाले.

कंट्रोलच्या बाई रजेवर, एसीवाला जेवायला गेलेला. त्याचं जेवण म्हणजे मोठा कार्यक्रम असतो. हाका मारल्या, पण मशीनच्या घोंगाटात कोण ऐकणार? फोन लॉकरमध्ये. मग कॅमेऱ्याकडे बघून दोघांनी जोरजोरात हात हलवले. खाली वॉचमनने ते पडद्यावर पाहिलं. नंतर कळलं, त्यानेही तिथून हात हलवला. शेजारच्याला म्हणाला, "आज साहेब फार खुशीत आहेत."

बसून राहिलो. समोरासमोर. गार वारा नुसता पायात घुमत होता. त्यांचा गुडघा धरला. मी माझा मफलर फेकला, त्यांनी झेलला, गुडघ्याला गुंडाळला. आभार मानले नाहीत. मग म्हणाले, "त्या परिषदेला माझा मुलगाही होता. लहान होता, मागे बसलेला. घरी आल्यावर मला विचारलं, बाबा, तुमच्या डोक्यात खरंच स्लॅब आहे का? आणि ठोकून बघितलं."

मला कसंसंच झालं. म्हटलं, "ठमीला शाळेत 'माझे बाबा' निबंध होता. तिने लिहिलं, माझे बाबा पोकळीत काम करतात आणि घरी आल्यावर तिच्याबद्दलच बोलतात. बाईंनी काळजीने मला बोलावून घेतलं."

ते हसले. मी हसलो. फरश्या हलायला लागल्या. घाईघाईने हसणं थांबवलं.

तिथे कबूल केलं मी. म्हटलं, खरं सांगतो, नव्या मशीनांचं वजनही माझ्या फरशीला पेलणार नाही आणि तापही. नव्या हॉलला स्लॅबच घाला. त्यांनी गुडघ्यावरचा मफलर घट्ट केला. मग म्हणाले, "तुमच्या या हॉलला काही धाड भरलेली नाही. केबली काढा, फालतू जाळ्या बंद करा. अजून खूप वर्षं चालेल." आणि जरा थांबून, "काम नेटकं आहे तुमचं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

ही पोकळी बांधल्यापासून असं कोणी म्हणालं नव्हतं. डोळे पाणावले माझे. थंडीने, असं त्यांना सांगितलं.

एसीवाला आला, किंचाळला, फळ्या टाकून आम्हाला बाहेर काढलं. पण आम्ही जातोय कुठे! एकेक तपासून मेलेल्या केबली ओढून काढल्या, फरश्या बसवल्या, जाळीवर कागदाची पट्टी धरली. पट्टी व्याह्यांच्या हातातून सुटून थेट छताला! आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर येऊन लॉकर उघडला तर ठमीचे ढीगभर फोन. त्यांच्या फोनवर ताडमाडचे. उलट लावला. "काही नाही, बाबा. झालं काम. घरी या." आवाज जरा बसलेला वाटला. एसीत फार बसते ऑफिसात.

दोघं मिळूनच घरी आलो. दार उघडलं तर चौघं आधीच बसलेले, आणि टेबलावर केक! म्हटलं, "आमचं मिटलं ते तुम्हाला इतक्यात कसं कळलं?" ही सुरी आणायला आत पळाली. ठमी उठली आणि गळ्यात पडून रडली. लेकीचा इतका जीव आमच्या भांडणात अडकला होता, मला कल्पनाच नव्हती! व्याह्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. केक छान होता.

१२ सप्टेंबर

चौथी रांग गार! तिसरीही गार. अहवालावर व्याह्यांनी माझीपण सही घेतली. जुन्या हॉलला पोकळ फरशी, नव्याला स्लॅब. खाली एक ओळ स्वतःहून घातली: नव्या हॉलची जबाबदारीही याच गृहस्थांकडे द्यावी. साहेबांनी पेन न वाजवता वाचलं.

कंट्रोलच्या बाईंना सतरंजी परत दिली. त्या जाळीच्या जागी आता साधी फरशी आहे. सतरंजी घातलीच त्यांनी.

१६ सप्टेंबर

लग्नाच्या तारखेचं विचारलं की ठमी म्हणते, "घाई काय आहे, बाबा?" अगं, आता तर सगळं सुरळीत आहे! व्याह्यांशी फोनवर पाऊण तास बोललो. साक्षीदार म्हणून सही करताना कुठला सदरा घालायचा, यावर. दोघांनी एकाच रंगाचा घ्यायचं ठरलं.

२० सप्टेंबर, रविवार

सगळे जमलो. तारीख ठरवायला बसलो. व्याही सदरा घालूनच आले होते.

ठमी म्हणाली, "बाबा, तारीख होऊन गेली. नऊ सप्टेंबर."

अर्ज त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी दिला होता. आधी सांगितलं तर रजिस्ट्रारच्या दारातसुद्धा भांडाल, म्हणून ऐनवेळी बोलवायचं ठरवलं होतं. तिथे उभी राहून फोन करत होती. या, सही करा. आपला नंबर आला तरी दुसऱ्यांना पुढे जाऊ दिलं. दोनदा. मग हिने, विहीणबाईंनी आणि रांगेतल्या एका अनोळखी बाईंनी सह्या केल्या.

लॉकरचा नियम माझाच.

हिला विचारलं, "मग केक कापला तेव्हा का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "सांगणारच होते हो. पण तुम्ही दोघं पहिल्यांदाच एका मताचे होऊन दारात उभे होतात, पायांत त्या निळ्या पिशव्या तशाच. म्हटलं, चार दिवस टिकू दे."